मराठवाड्यात बसून दागिने आणि कपड्यांचं डिझाइन: प्रेरणा येते कुठून?

परभणीहून एका मुलीने विचारलंय: "ताई, फॅशन डिझाइनचा डिप्लोमा झाला. पुण्यात एका ब्रँडकडे दीड वर्ष काम केलं. आता घरी परत येऊन स्वतःचं सुरू करायचंय, थोडे कपडे, थोडे चांदीचे दागिने. पण दिवसभर फोनवर इतरांचं काम बघून असं झालंय की कागदावर जे काढते ते कुणीतरी आधीच केलेलं निघतं. स्वतंत्र काम करणारे डिझायनर प्रेरणा आणतात तरी कुठून? आणि मराठवाड्यात राहून हे जमेल का?"

तुला तू म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. मी संभाजीनगरात २४ वर्षं चांदीचे दागिने करतेय. त्याआधी चार वर्षं सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे फुंकणी धरायला शिकले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमतं. गिऱ्हाईक पुण्यापेक्षा कमी, चांगला पॉलिशवाला शोधावा लागतो, कुरियर दोन दिवस उशिरा पोचतं, एवढंच. उलट पैठण, तेर, भोकरदन, अजिंठा ही सगळी ठिकाणं तुला एसटीने एका दिवसाच्या टप्प्यात आहेत.

आता प्रेरणेचं. फोनवरचं चित्र आपल्याला आकार देतं, आणि तो आकार कुणाच्या तरी हातून आधीच पुरा झालेला असतो. त्याच्यापुढे आपण फार तर तो लहान-मोठा करतो, रंग बदलतो. माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही झालं, ते सगळं एखादी वस्तू कशी घडली हे समजून घेताना झालं. हात कुठे अडला, धागा कुठून माघारी फिरला, धातू कुठे मऊ पडला आणि कुठे ताठला, हे कळलं की आपली कल्पना तिथून फुटते. हे मी नुकसान सोसून शिकले, म्हणून ते नुकसान आधी सांगते.

काम सुरू केलं तेव्हा अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीने मला वेड लावलं होतं. एका पुस्तकातल्या फोटोवरून त्याच्या गळ्यातले मोत्यांचे सर ट्रेस केले, चांदीच्या पत्र्यावर तसाच आकार कापला, वर मोती बसवले. टेबलावर ठेवला की हार असा दिसायचा की बघत राहावं. ११ नग केले. ७ परत आले. सगळ्यांची तक्रार एकच: गळ्यात घातला की उलटा होतो, पुढून उचलला जातो, टोचतो.

मग मी पुन्हा अजिंठ्याला गेले, तेही भर दुपारी, गर्दी पांगल्यावर. आत उजेड मंद असतो. डोळे स्थिरावायला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक त्याआधीच पुढच्या लेण्याकडे निघून जातात. मी तासभर बसले. पद्मपाणीचं शरीर तीन ठिकाणी वाकलंय आणि मोत्यांचे सर त्या वाकण्याबरोबर वळलेत. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने दागिना सुटा काढलाच नव्हता, अंगावर पडलेला, वजनाने ओघळलेला काढला होता. मी त्याच्या चित्रातून नेमकं अंग वगळून फक्त बाह्यरेषा उचलली होती. परत आले, पत्रा फेकला, आणि पटवेकऱ्याकडून एकेक मोती रेशमात गाठून घेतला. प्रत्येक मोत्यामागे एक गाठ. तो हार आजही करते, आणि त्याचं आणि चित्राचं साम्य कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. जाशील तेव्हा तिथली कापडंही बघ: पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, हंसांच्या ओळी. पण नक्षीबरोबर एवढंही बघ की कापड कमरेला कुठे आवळलंय आणि कुठे सोडलंय.

पैठणीचंही तसंच. मोर-मुनिया छापलेले कुडते, मोराचे लॉकेट, पैठणीच्या पदराचे बटवे बाजारात पोत्यांनी आहेत. तू पैठणच्या सरकारी पैठणी केंद्रात जा आणि पदर विणताना मागाशेजारी उभी राहा. पदरातला नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. त्या रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. आता भिंग लावून मुनियाची, म्हणजे पदरातल्या पोपटाची, चोच बघ. लांबून गोल वाटते. जवळून ती जिना आहे. दोन धागे सोडून एक पायरी, पुन्हा दोन धागे, पुन्हा पायरी. उभ्या-आडव्या धाग्यांत वाटोळी रेघ काढताच येत नाही, म्हणून विणकराने पायऱ्यांतून गोलाई उभी केली.

मी मुनिया सोडून दिला आणि तो जिना घेतला. चौकोनी तारेचे तुकडे, एकापुढे एक, अर्ध्या मिलिमीटरने सरकवून झाळलेले, म्हणजे वितळत्या धातूने जोडलेले. माझा कारागीर म्हणाला, "बाई, कोपरे घासून गोल करून देतो, नाहीतर राहिलंय असं वाटेल." मी म्हटलं, कोपरे हाच दागिना आहे. ती पायरीची कर्णफुलं गेली नऊ वर्षं माझ्याकडून सर्वांत जास्त जातात. घालणाऱ्या बाया हरखून सांगतात की यात आईच्या पैठणीसारखं काहीतरी आहे, पण काय ते सांगता येत नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच.

तू कपडे करणार आहेस म्हणून आणखी एक. पैठणीत ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा घालून धूपछाव साधतात. ती हलताना दिसते, घडी मोडली की दिसते. असलं कापड सरळसोट, सपाट शिवलं की मरतं. चुण्या दे, घेर दे, बाहीला वळण दे. डिझाइनची अर्धी वही त्या एका गोष्टीतून भरेल.

हिमरू मात्र जपून वापर. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, त्या स्थलांतरात उत्तरेकडचे विणकर इकडे आल्याचं सांगतात. किनखाप म्हणजे जरीच्या नक्षीचं रेशमी कापड, त्याच्या धर्तीवर, पण उभा धागा सुती ठेवून केलेलं हे कापड. याची नक्षी जादा बाण्याची असते, तिचे धागे मागच्या बाजूला मोकळे पसरलेले असतात. म्हणून ऊब चांगली, पण अंगठी-बांगडीत अडकून ओढले जातात. अस्तर दिल्याशिवाय शिवू नकोस, घट्ट पोलकं तर मुळीच नको. जॅकेट, शाल, मफलर यांना उत्तम. हातमागावर हे विणणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, तेव्हा आधी जाऊन भेट आणि मगच किती मीटर लागेल ते ठरव.

आता सगळ्यात मोठ्या खजिन्याकडे येते. तो कुठल्याही संग्रहालयात नाही. तालुक्याच्या सराफ्यात, मोडीच्या डब्यात आहे.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पेरणी आणि शाळा-कॉलेजांचे प्रवेश एकदमच अंगावर येतात, तेव्हा खेड्या-तांड्यावरच्या बाया जुनी चांदी घेऊन येतात. वाळे, तोडे, सरी, गोट, दंडकडी, निजामाच्या हाली शिक्क्याच्या रुपयांचे हार. रुपया म्हणजे साधारण ११ ग्रॅमचं नाणं, काहींवर चारमिनार उमटलेला. सोनार वजन करतो, तूट धरतो, पैसे देतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मुशीत जातं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्या कारागिराने काय डोकं लढवलं होतं ते त्या मुशीबरोबर संपतं. मला हे आजही बघवत नाही. मी दर वर्षी त्या दिवसांत दोन-तीन सराफांच्या पेढीवर परवानगी घेऊन बसते. दागिना वितळायच्या आधी वजन लिहिते, वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासते, ठसा उठतो. ज्या बाईचा आहे ती थांबली असेल तर तिच्याशी बोलते. असे ३००च्या वर कागद आहेत माझ्याकडे.

त्यातला एक सांगते. वसमतच्या बाजूच्या तांड्यावरची एक याडी (बंजारा बोलीत आई) हासळी मोडायला घेऊन आली होती. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं. हासळी म्हणजे गळ्यातलं कडं. मधे जाड, टोकांकडे निमुळती होत गेलेली, टोकं मागे वळवून गुंडाळलेली. मी हातात घेऊन बघितली तर कुठे झाळ नाही. अख्खी एका कांबीतून ठोकून काढलेली. चांदी ठोकली की कडक होते. टोकांकडे जास्त ठोकल्यामुळे तिथे तिला स्प्रिंगसारखा ताण आला होता. गळ्यात घालताना फाकायची आणि आपोआप मिटायची. पेच नाही, फासा नाही, कडी नाही. त्या निमुळत्या आकाराला मी तोवर नुसतं सौंदर्य समजत होते. तोच तिचा फासा होता.

दुसरी गोष्ट मला उशिरा दिसली. डाव्या बाजूची नक्षी जवळपास पुसलेली, उजवीकडची कोरीच्या कोरी. मी विचारलं. याडी हसली. म्हणाली, लेकरं सगळी डाव्या कडेवर वाढली, ती धरून राहायची. पाच लेकरांच्या मुठींनी तेवढा भाग गुळगुळीत केला होता.

चांदीच्या भावावर थोडे वर देऊन ती मी विकत घेतली. आठ महिने टेबलावर होती. मग त्यातून एक गळ्यातलं झालं, झाळ नसलेलं, ठोकून ताणलेलं, उजवीकडे दाट नक्षी आणि डावीकडे येता येता ती विरळ होऊन पूर्ण कोरी होणारी. माझ्या सगळ्या कामात मला जवळचं तेच आहे. पहिला नग विकला गेला तेव्हा मी सराफाकडून पत्ता घेऊन तांड्यावर गेले, याडीला दाखवायला दुसरा नग बरोबर नेला. तिने कोऱ्या भागावरून बोट फिरवलं आणि सुनेला हाक मारली.

याला जोडून एक काळजीची गोष्ट. बंजारा भरतकाम, आरसे, कवड्या, कांचळी-फेटियाची (बंजारा बाईच्या चोळी-घागऱ्याची) नक्षी सध्या सगळ्यांना हवी आहे. फोटो काढून जयपूरला किंवा सुरतला मशीनवर करून घेणारे पुष्कळ आहेत. तू तसं करू नकोस. त्या बायकांना काम दे. टाक्यावर मजुरी ठरव, अर्धी आगाऊ दे, आणि वस्तूच्या चिठ्ठीवर तांड्याचं नाव लिही. शिवाय फायदा तुझाच आहे. मशीनला नक्षी मोजून दिलेली असते, त्या बाया कापडाचे धागे मोजत टाका घालतात. कापड बदललं की नक्षी आपोआप बदलते, जाड खादीवर मोठी होते, पातळ कापडावर बारीक. नांदेडच्या खादीवर, जिथे राष्ट्रध्वजही तयार होतात, हे करून बघ. मी दुपट्टे केले होते. एकच नक्षी तीन जातींच्या खादीवर, तिन्ही वेगळे.

तेरला नक्की जा. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी आहे, लामतुरे संग्रहालय तिथे आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी नोंदवहीत आपली दोन गावं आहेत: पैठणहून भडोचला गाड्यांनी गोमेदासारखे दगड जात आणि तगर म्हणजे तेरहून भरपूर कापड. म्हणजे तू आज जे दोन धंदे एकत्र करू पाहतेस, दगड-दागिना आणि कापड, ते या मातीत दोन हजार वर्षं जुने आहेत. १९३८मध्ये इटलीतल्या पाँपेईत एक हस्तिदंती बाई सापडली. ते शहर इ. स. ७९मध्ये ज्वालामुखीने गाडलं गेलं, म्हणजे बाई त्याआधीची. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन दोन्हीकडे सापडल्यात. पाँपेईच्या बाईच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या आहेत, पायात घोट्यापासून वर थेट गुडघ्याच्या दिशेने चढत गेलेले वाळे. बंजारा बाईच्या दंडापर्यंतच्या बलियांशी, म्हणजे बांगड्यांशी, मनातल्या मनात ताडून बघ.

तेरच्या मण्यांसमोर जास्त वेळ थांब. दगडी मणी दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणून मधे जुळवायचे. दोन्ही भोकं कधी नेमकी जुळत नाहीत, म्हणून असा मणी दोऱ्यात किंचित तिरका बसतो. एकसारख्या मशीनच्या मण्यांची माळ मेल्यासारखी का दिसते आणि जुनी माळ जिवंत का, त्याचं एक कारण हे आहे. मी आता दगड हाताने भोकं पाडणाऱ्याकडूनच घेते. महाग पडतो.

बिदरीबद्दल तू विचारलं नाहीस, पण संभाजीनगरात हे काम अजून चालतं, म्हणून सांगते. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडं तांबं यांचा ओतीव धातू, त्यावर छिन्नीने खोदून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या द्रावणात गरम वस्तू घासली की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी पांढरी राहते. नवीन डिझायनर इथे हमखास एक चूक करतात: बिदरीच्या लटकनाला चांदीची कडी झाळायला जातात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, चांदीची झाळ त्याच्या खूप वर. कडी चिकटायच्या आत लटकन खाली ओघळतं. माझे चार नग असे गेले. म्हणून भोक पाडून रिव्हेट मार किंवा चांदीच्या घरात बिदरीची टिकली बसव. आणि बघ, त्या अडचणीतूनच माझी खिळ्याची मालिका निघाली. रिव्हेटचं डोकं लपवायचं सोडून मीच त्याला फूल केलं.

प्रेरणा म्हणून लोक लेणी-मंदिरंच बघतात. तू पोळ्याच्या आधी आठवडी बाजारात बैलाचा साज बघ. मोरकी, घुंगरमाळ, गोंडे, झूल. माझ्या सगळ्या माळांना मागे जी सरकती गाठ आहे ती मी कासऱ्याच्या गाठीवरून घेतली. जालन्याच्या बाजारात रेशीम कोषांचे ढीग लागतात तेही बघ. पूर्वी आपल्या शेतकऱ्याला कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. आपल्या भागातल्या रेशमाचा धागा मिळवून त्याचं काही करता आलं तर मला कळव, मी स्वतः ते अजून केलेलं नाही.

धंद्याचं थोडक्यात. ती पायरीची कर्णफुलं मी केल्या केल्या उत्साहाने सगळ्यांना दाखवली, फोटो टाकले. पाच महिन्यांत एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानाने तीच पितळेवर मुलामा देऊन निम्म्या किमतीत लावली. मला काहीच करता आलं नाही, कारण २०००च्या डिझाइन कायद्यात नोंदणीसाठी डिझाइन नवीन लागतं, आधी जाहीर झालेलं चालत नाही. आधी अर्ज कर, मग दाखव. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे ५ वर्षं वाढवता येते. मात्र मुनिया, कोयरी, नारळी ही सगळ्यांची आहेत, त्यांच्यावर हक्क सांगू नकोस. तुझी म्हणजे तू केलेली मांडणी. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पॉवरलूमच्या कापडावर पैठणी लिहून विकू नकोस. सोन्याचं हॉलमार्किंग २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. चांदीचं तू स्वतःहून करून घे, ९२५ लिहिलंस तर ती ९२५च असली पाहिजे.

फोन बंद करायला सांगत नाही, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण पहिले तीन महिने दुसऱ्या डिझायनरचे दागिने बघू नकोस. सोनाराच्या शेजारी बस, एक अंगठी स्वतःच्या हाताने वाकवून झाळ, आणि शिवणाऱ्या बाईजवळ बसून एक काज स्वतः घाल. कुठे बोट अडतं ते लिहून ठेव.

जूनला अजून वेळ आहे. परभणीच्या सराफ्यात आतापासून ओळख करून ठेव, नाहीतर ऐन गर्दीत कुणी बसू देणार नाही. बरोबर दहापट भिंग, मऊ पेन्सिल, पातळ कागदाचा गठ्ठा आणि छोटा वजनकाटा घे. वही रेघांची नको, कोरी घे.